धुणे यंत्राने धुतले, वाळवायचे कोणी?

श्रोतेहो, इतिहासाच्या मास्तराने धुण्याच्या यंत्रावर बोलावे, हे पाहून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. पानिपत, रायगड, पेशवाई हे आमचे नेहमीचे विषय. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक पेच पडला आणि तो सोडविताना मला इतिहासाचीच पुस्तके उघडावी लागली. पेच असा: कपडे धुणारे आणि त्याच पोटात ते वाळविणारेही, असे दुहेरी यंत्र घरात घ्यावे की न घ्यावे?

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरात माणसे पाच: आई, आम्ही दोघे आणि दोन मुले. पाऊस लागला म्हणजे पडवीत, माजघरात, स्वयंपाकघरात, जिथे खिळा तिथे दोरी आणि जिथे दोरी तिथे ओले कपडे. सोमवारी धुतलेला शाळेचा गणवेश बुधवारीही दमट. त्या कपड्यांना येणारा कुबट वास कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको, आणि देशावरच्या मंडळींना तो सांगून कळायचा नाही.

त्यात पत्नीचा उजवा खांदा मार्च महिन्यापासून आखडलेला. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले. आणि आमची दांडी तर डोक्याच्या हातभर वर. जूनमध्ये घरातले दोन टाक्यांचे जुने यंत्र बंद पडले. आम्ही दुकानात गेलो. दुकानदार मोठा बोलका गृहस्थ. तो म्हणाला, "सर, रात्री मळके कपडे आत टाका आणि सकाळी कोरडे कपाटात ठेवा. दोरी नको, चिमटे नकोत, पावसाची भीती नको." किंमत साध्या यंत्राच्या दीडपटीहून थोडी जास्त. मी घरी आलो, कागद घेतला, विजेचा हिशेब मांडला आणि ‘परवडत नाही’ असा निकाल देऊन टाकला.

पत्नीने कागद पाहिला. म्हणाली, "अहो, विजेचा हिशेब बरोबर असेल. पण कपडे दोरीवर कोण टाकतं, ते यात कुठं धरलंय?"

ते धरलेले नव्हते. हे भाषण त्या प्रश्नातून निघाले आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे, कारण त्यात पुष्कळ लोक फसतात. आपल्याकडे दोन टाक्यांच्या यंत्रातील दुसऱ्या टाकीला सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. वास्तविक ती टाकी कपडे वाळवीत नाही; गरगर फिरवून पिळते. आपण ओला पंचा झटकला की थेंब उडतात, तोच हा प्रकार, फक्त फार वेगाने. अशी दोन टाक्यांची यंत्रे इंग्लंडात हूवर कंपनीने १९५७ साली बाजारात आणली आणि तिथल्या घराघरांत पोचविली. खरा वाळविणारा ड्रायर निराळा. तो कपड्यांना उलटेपालटे करीत त्यांतून गरम हवा फिरवितो आणि उरलेल्या पाण्याची वाफ करतो. पिळणे आणि वाळविणे ही दोन निराळी कामे आहेत आणि त्यांना लागणाऱ्या विजेत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुकानात ‘ड्रायर’ हा शब्द कानावर पडला की, "पिळणारा की गरम हवेचा?" असे विचारून घ्यावे.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या गावगाड्यात हे काम कोणाकडे होते? बारा बलुतेदारांत परीट होता. गावाचे कपडे नेऊन धुणे हे त्याचे बलुते, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी त्याला धान्य मिळे. तो कपडे खाराच्या पाण्यात भिजवी, भट्टीवर वाफवी, नदीच्या दगडावर आपटी आणि वाळवंटात पसरून वाळवी. ‘परीटघडी’ हा शब्द आजही आपण कौतुकाने वापरतो. पण ती घडी ज्याच्या पाठीवर उभी होती त्याला पंगतीत बसविताना गावाला विटाळ आठवे, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. गाडगे महाराज, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेणगाव, हे याच परीट समाजातले. ज्या समाजाकडे गावाचा मळ धुण्याचे काम होते, त्याच समाजातून हातात खराटा घेऊन गावाला स्वच्छता शिकविणारा माणूस आला.

परंतु परटाकडे जात ते निवडक कपडे, आणि तेही ज्यांची ऐपत होती त्यांचे. रोजचे धुणे बायकांचेच. नदी, ओढा, विहीर, पाणवठा. राख, रिठा आणि पुढे साबणाची वडी. हातात धोपाटणे, डोक्यावर पिळ्यांची पाटी. वाळविण्याचे काम मात्र सूर्याकडे. आपल्या देशात त्याच्याइतका स्वस्त आणि वक्तशीर गडी दुसरा नाही. जुन्या सोवळ्याओवळ्याच्या घरांत धोतर, लुगडे कोणाच्या स्पर्शाने विटाळू नये म्हणून आढ्याजवळच्या उंच दांडीवर लांब काठीने वाळत घालीत. ती काठी माझ्या आजोळी मी लहानपणी पाहिली आहे. सोवळे गेले ते बरेच झाले, पण ती काठी खांदा आखडलेल्या माणसाच्या फार उपयोगाची होती, असे आता वाटते.

आणि पावसाळ्यात? त्यावरही आपल्या बायकांनी उपाय काढलेला होता. शेगडीत निखारे घालायचे, त्यावर बांबूची टोपली पालथी ठेवायची आणि टोपलीवर बाळाची दुपटी, लंगोट पसरायचे. खालून ऊब, टोपलीच्या फटींतून हवा, वर ओले कापड. गरम हवेच्या ड्रायरचे सगळे तत्त्व या टोपलीत आले.

हे मी कौतुकाने फुगवून सांगत नाही. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाला १८९२ साली कपडे वाळविण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. ते साधन म्हणजे काय, तर शेगडीच्या जवळ कपडे टांगून धरणारी आणि काम झाले की बाजूला सारता येणारी चौकट. आमच्या आजीची टोपली आणि सॅम्पसनची चौकट यांत फरक एवढाच की आजीला पेटंट कचेरी ठाऊक नव्हती.

धुण्याच्या यंत्राचा इतिहास याहून जुना आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग गावचे एक पाद्री, याकोब ख्रिस्तियान शेफर, यांनी १७६७ साली धुण्याच्या यंत्रावर एक पुस्तिकाच छापली. हे गृहस्थ मोठे जिज्ञासू. कीटकांचा आणि वनस्पतींचा अभ्यास करीत, निरनिराळ्या झाडपाल्यापासून कागद करून पाहत. पुढे १७८२ साली इंग्लंडात हेन्री सिजियर याने लाकडी दांड्यांच्या फिरत्या पिंजऱ्याचे पेटंट घेतले. आजच्या यंत्रातले भोकाभोकांचे पिंप म्हणजे त्या पिंजऱ्याचा वंशज. त्यानंतर दीडशे वर्षे हाताने फिरवायची, पायाने चालवायची, वाफेची, मग विजेची अशी यंत्रे निघत गेली. कपडे पिळण्यासाठी दोन रूळ असत, उसाच्या चरकासारखे. त्या रुळांत बायकामुलांची बोटे सापडत. अखेर १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित यंत्र आणले: धुणे, खळबळणे, पिळणे एकाच पिंपात, माणसाचा हात न लागता. एवढेच की पिळताना ते इतके थरथरे की त्याला जमिनीला बोल्ट ठोकून बसवावे लागे.

या साऱ्या काळात वाळविणे मागेच राहिले. कारण उघड आहे. दोरीला पैसे पडत नाहीत. ज्याला वारा आणि ऊन फुकट मिळते तो त्यासाठी यंत्र कशाला शोधील? वाळविण्याचे यंत्र निघाले ते जिथे ऊन मिळत नाही तिथे. अमेरिकेच्या उत्तर टोकाला नॉर्थ डकोटा नावाचे राज्य आहे. तिथे हिवाळ्यात ओले कपडे बाहेर टाकले तर ते दोरीवर फळीसारखे गोठून उभे राहतात. त्या थंडीला कंटाळलेल्या रॉस मूर नावाच्या माणसाने कपडे वाळविणाऱ्या फिरत्या पिंपाची रचना केली आणि १९३८ साली हॅमिल्टन कंपनीने ते यंत्र विकायला काढले.

आता आपल्या पेचाचा धागा इथे येऊन मिळतो. धुणारे यंत्र तयार, वाळविणारे यंत्र तयार. मग दोन्ही एकात का नकोत? १९५३ साली बेंडिक्सनेच ‘ड्युओमॅटिक’ या नावाने तसे यंत्र आणले. मागोमाग अमेरिकेतल्या इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापली दुहेरी यंत्रे काढली. युद्ध संपलेले, नवी घरे उठत होती, आणि १९५६ पासून तर वीज अधिक वापरा, सुखाने राहा, अशी मोहीमच तिथल्या वीज कंपन्यांनी आणि विजेची उपकरणे करणाऱ्यांनी चालविली होती. आमच्या दुकानदाराने मला जे सांगितले ते शब्दाशब्दाने तेव्हाच्या जाहिरातीत शोभले असते.

मौज अशी की सत्तरीचे दशक उजाडेपर्यंत अमेरिकेतून ही यंत्रे जवळजवळ नाहीशी झाली. का झाली, हे समजून घेणे ग्राहकाला फार उपयोगी आहे, कारण ती कारणे अजून पुरती मेलेली नाहीत. पिंप एकच. त्यात पहिला घाणा वाळत आहे तोवर दुसरा धुता येत नाही. दोन स्वतंत्र यंत्रे असली तर एकीत वाळत असताना दुसरीत धुता येते. शिवाय दोन यंत्रांची गुंतागुंत एका पेटीत कोंबलेली, त्यामुळे बिघाड जास्त; आणि वाळविण्याचा भाग बिघडला तर धुणेही अडते. अमेरिकेतल्या घरांत जागा भरपूर, तेव्हा लोकांनी दोन यंत्रे शेजारी शेजारी मांडली. दुहेरी यंत्र टिकले ते युरोपात आणि पूर्वेकडच्या दाट शहरांत, जिथे दोन यंत्रांना जागाही नाही आणि दोरीला गॅलरीही नाही. म्हणजे हे यंत्र जागेच्या टंचाईचे अपत्य आहे. मुंबईत तेराव्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या नवराबायकोला ते चांगले उपयोगी पडेल. ज्याच्या दारात खळे आहे त्याने मात्र ते घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट सांगतो. ड्रायर घरोघर झाला तशी अंगणातली दोरी दारिद्र्याची खूण ठरू लागली. कित्येक वसाहतींनी बाहेर कपडे वाळत घालायला बंदीच केली. अखेर व्हर्माँट राज्याला २००९ साली कायदा करावा लागला की उन्हात कपडे वाळविण्याची अशी मनाई चालणार नाही. सूर्यावर कपडे टाकायला कायद्याची परवानगी! आपल्याकडे ही पाळी अजून आलेली नाही, तरी शहरातल्या नव्या सोसायट्यांचे नियम वाचले तर ती फार दूर आहे असे वाटत नाही.

आता माझ्या त्या विजेच्या हिशेबाकडे येतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. मी एक सुती टॉवेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. कोरडा भरला ४०० ग्रॅम. भिजवून, हाताने शक्य तितका घट्ट पिळून पुन्हा तोलला. भरला ८०० ग्रॅमच्या वर. म्हणजे टॉवेलाइतकेच पाणी टॉवेलात. मिनिटाला १२०० फेरे घेणारे यंत्र तेच पाणी सुमारे निम्म्यावर आणते. आता पाच किलो कपडे घ्या. यंत्राने पिळल्यावर त्यांत अदमासे अडीच लिटर पाणी उरले. एक लिटर पाण्याची वाफ करायला निसर्गाच्या नियमाप्रमाणे एका युनिटाचा दोनतृतीयांश भाग इतकी उष्णता लागते. त्यात घासाघीस चालत नाही. अडीच लिटरला झाले पावणेदोन युनिट. प्रत्यक्षात यंत्र, हवा, पिंप तापविण्यात आणखी उष्णता वाया जाते, तेव्हा एका घाण्याला तीन-साडेतीन युनिट धरावे. आपापल्या बिलातल्या दराने त्याला गुणावे. आमच्या घरी पावसाळ्यात रोज एक घाणा वाळवायचा म्हटला तर चार महिन्यांत ४०० युनिटच्या आसपास जातात. हल्ली ‘हीट पंप’ची यंत्रे निघाली आहेत. तीत वाफेतली उष्णता शीतकपाटाच्या युक्तीने परत कामाला लावतात, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास येते. पण त्यांची किंमत ऐकून मी दुकानात खुर्ची मागितली.

याखेरीज दुकानदार आपण होऊन जे सांगत नाहीत ते सांगतो. यंत्रावर ‘आठ किलो’ लिहिलेले असते ते धुण्याचे. वाळविण्याची ताकद पाच किलो, कधी त्याहून कमी. कारण कपडे वाळताना पिंपात मोकळे उडाले पाहिजेत. ठासून भरले तर मधला गोळा ओलाच राहतो. म्हणजे आठ किलो धुतले की तीन किलो बाहेर काढून दोरीवर टाकणे आलेच. ‘दोरी नको’ हे वचन इथेच फसते. दुसरे पाण्याचे. पुष्कळ दुहेरी यंत्रांत वाफ थंड करण्यासाठी वाळवितानाही नळाचे थंड पाणी वापरतात आणि ते गटारात जाते. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्या गावांनी हे ध्यानात ठेवावे. कपडे वाळविताना पाणी खर्ची पडते, हे ऐकून आई तर थक्कच झाली. तिसरे, वीज. धुण्यापासून वाळण्यापर्यंत पाच-सहा तास लागतात, आणि कोकणच्या पावसाळ्यात सलग सहा तास वीज राहील अशी खात्री कोणी देऊ नये. मध्येच गेली की अर्धवट गरम, अर्धवट ओले कपडे दार बंद पिंपात अडकून पडतात.

इथवर माझा हिशेब मला पटत होता. तरी पत्नीचा प्रश्न उभाच होता, आणि त्याला उत्तर देताना मला दोन जाणत्या माणसांनी कोड्यात टाकले.

एक स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग. त्यांनी २०१० साली एका भाषणात आपल्या घरी पहिले धुण्याचे यंत्र आले त्या दिवसाची हकिगत सांगितली आहे. त्यांची आजी जन्मभर हाताने धुणे धुतलेली. ती यंत्रापुढे खुर्ची टाकून बसली आणि सबंध धुणे होईपर्यंत आत फिरणारे कपडे पाहत राहिली. आणि आईने वाचलेल्या वेळात मुलाला वाचनालयात नेले. यंत्राने आम्हाला पुस्तके दिली, असा त्यांचा भावार्थ.

दुसऱ्या अमेरिकेच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान. त्यांच्या १९८३ सालच्या पुस्तकाचे नावच मुळी आईचे काम वाढले अशा अर्थाचे आहे. त्या दाखवून देतात की यंत्र येण्यापूर्वी मध्यम वर्गाच्या घरात धुणेवाली येई किंवा कपडे लाँड्रीत जात. यंत्र आले, धुणेवाली गेली, लाँड्रीची गाडी बंद झाली आणि सारे धुणे एकट्या गृहिणीवर आले. कपडेही वाढले. आठवड्यातून एकदा बदलायची चादर दोनदा बदलू लागली. जोआन व्हानेक या संशोधिकेने १९७४ साली मांडलेले आकडे पाहा: १९२० च्या सुमारास नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करी, १९६० च्या दशकात, इतकी यंत्रे घरात येऊनही, सुमारे ५५ तास. आणि कपड्यांवर जाणारा वेळ तर वाढलेलाच.

कोण खरे? मला वाटते दोघेही. रोस्लिंगांच्या आजीची पाठ यंत्राने वाचविली यात शंका नाही. नदीवर गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईला जाऊन विचारा. यंत्राविरुद्ध बोलणारे पुष्कळसे पुरुषच असतात, आणि त्यांनी आयुष्यात एक गोधडी पिळलेली नसते. पण कोवानबाई म्हणतात तेही खोटे नाही. यंत्राने काम हलके केले, काम कोणाचे हे बदलले नाही. आपल्या देशातली २०१९ सालची वेळेच्या वापराची सरकारी पाहणी आहे. घरातले विनामोल काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. त्यातही स्त्रियांपैकी शंभरांत ८१ जणी हे काम करतात, पुरुषांपैकी शंभरांत २६ जण. मी त्या २६ मध्ये बसतो की उरलेल्या ७४ मध्ये, हे मला प्रामाणिकपणे ठरवावे लागले. निकाल माझ्या बाजूने लागला नाही.

या ७४ जणांना गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना त्यांचे धुलाईचे बिल भारी येई आणि धोबी वेळ पाळीत नसे. त्यांनी धुण्याचे सामान आणले, त्या विषयाचे पुस्तक आणले आणि स्वतः शिकले. पहिल्यांदा कॉलरला खळ इतकी झाली की कोर्टात ती गळू लागली आणि बरोबरचे बॅरिस्टर हसले. पुढे १९१२ साली नामदार गोखले तिकडे गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते, जिवापाड जपलेले. जोहान्सबर्गच्या मेजवानीला ते नेसायचे, तर चुरगळलेले. लाँड्रीत धाडायला वेळ नाही. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास होता, धोबीपणावर नव्हता. रानड्यांची आठवण जळाली तर? बरीच विनवणी झाल्यावर उपरणे मिळाले, आणि गांधीजींनी ते उत्तम इस्त्री करून दिले. आमच्या पाठ्यपुस्तकांत रानडे, गोखले, गांधी ही परंपरा प्रार्थना समाज, भारत सेवक समाज आणि चंपारण अशी शिकवितात. मध्ये ही इस्त्रीही येऊन जाते, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. दुहेरी यंत्र घेतले नाही. साधे, समोरून उघडणारे, जोरात पिळणारे यंत्र घेतले. वाचलेल्या पैशांतले थोडे गावातल्या सुताराला दिले आणि पडवीच्या आढ्याला कप्प्या बसवून घेतल्या. दोरी ओढली की दांड्या कमरेपर्यंत खाली येतात. कपडे घालायचे आणि पुन्हा वर ओढायच्या. विलायतेत जुन्या स्वयंपाकघरांत असल्याच दांड्या चुलीच्या वर टांगीत. खाली एक पंखा लावला. कप्पीची सोय झाली म्हणून मी खुशीत होतो, तेव्हा पत्नी म्हणाली, "आणि ओल्या कपड्यांची दांडी वर ओढायला खांदा लागत नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

तेव्हापासून धुणे वाळत घालणे माझ्याकडे आणि मुलाकडे आले आहे. एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. पाऊस हलका असला तर कपडे दीड दिवसात वाळतात. जुलैच्या अखेरीस नऊ दिवस सूर्य दिसला नाही, तेव्हा गणवेश दमटच राहिले आणि इस्त्रीने सुकवावे लागले. त्या नऊ दिवसांत दुकानदाराचे शब्द मला रोज आठवले. पत्नीने ते ओळखले असावे. ती म्हणाली, "खांदा या वर्षी सुटला नाही, तर पुढल्या पावसाळ्यात पुन्हा दुकानात जाऊ. तेव्हा कागद मी मांडीन."

आई पडवीत बसून माझे वाळत घालणे बघत असते. परवा म्हणाली, "अरे, शर्ट उलटे करून घाल. आणि झटकून घाल आधी. इतकी वर्षं बघतोयस ना?"